कपडे खाली, धूर वर

मी उभा जन्म लोकांना आगीची भीती घालण्यात घालवला. गेवराईत गॅस एजन्सीत नोकरीला होतो. काम तक्रारी ऐकायचं, पण गावोगाव बायका जमवून गॅस कसा वापरावा हे सांगायची वेळ आली की मी आपणहून पुढे. पदर खोचा, नळी तपासत जा, वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि भडका उडालाच तर ओलं पोतं टाका. समोरच्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. मला वाटायचं, माझ्या विनोदांना हसतात. एकदा लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तर महाप्रसादाच्या भट्टीशेजारी सिलिंडर आडवं पडलेलं दिसलं. मी रांग सोडून आचाऱ्याला शिकवायला गेलो. परत येईपर्यंत रांग मारुतीच्या शेपटीएवढी झाली होती. दर्शन राहिलं आणि घरी येईपर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही.

निवृत्त झालो तेव्हा एजन्सीच्या मालकांनी शालीबरोबर आग विझवायचं लाल नळकांडं भेट दिलं. दुसऱ्या कुणाला घड्याळ मिळतं, मला हे. मला केवढा अभिमान! ते मी बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं, शेजारी माझा सत्काराचा फोटो. येणारा-जाणारा हात लावून पिन उपसेल म्हणून कपाटाला कुलूप घातलं. आग लागली तर कुलूप कोण उघडणार, हा प्रश्न मला पडला नाही. आगीबद्दल मला कुणी काही शिकवावं असं गेवराई तालुक्यात कुणी उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

निवृत्तीच्या पैशात दुमजली घर बांधायला काढलं. त्या दिवसांत मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. परदेशातलं घर. वरच्या मजल्यावर एक बाई भिंतीतलं झाकण उघडते, मळके कपडे आत टाकते, आणि ते खाली वॉशिंग मशिनशेजारच्या टोपलीत येऊन पडतात. लाँड्री शूट म्हणतात त्याला. मी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की बायकोला वाटलं मी त्या बाईलाच बघतोय.

"हे आपल्या घरात करायचं," मी जाहीर केलं. "तुझ्या गुडघ्यांसाठी."

"कपडे खाली आणायला नळी केली," ती म्हणाली, "अन् धुतलेली ओली बादली गच्चीवर वाळू घालायला कोण नेणार? ती बी नळी नेती का?"

याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं. मी म्हणालो, तुला नवीन काही पटतच नाही.

गवंड्यानं असलं काम कधी केलं नव्हतं. विटांत बांधून आतून गिलावा करू, असं तो म्हणत होता. मला ते गावठी वाटलं. शेतीच्या दुकानात पाइपलाइनचे मोठे प्लास्टिकचे पाइप असतात, कळशी सहज आत जाईल एवढ्या तोंडाचे. आतून गुळगुळीत. कपडे सर्रकन घसरतील. गवंडी पाइपात डोकावला आणि म्हणाला, "उंदरं वर येतेन, साहेब." मग उंदरांसाठी वरच्या तोंडाला पत्र्याचं झाकण बसवलं, स्प्रिंग लावून, आपोआप मिटणारं. खालचं तोंड मात्र उघडंच ठेवलं, कपडे थेट टोपल्यात पडायला हवेत ना. घरभर उभा प्लास्टिकचा पाइप, खाली कपड्यांचा ढीग, शेजारी मशिनची वायर. एवढं सगळं मी रोज बघत होतो, आणि मला त्यात उंदीर तेवढे दिसत होते.

वापर सुरू झाल्यावर कळलं की परदेशातले लोक एका वेळी एकच सदरा मळवत असावेत. आमच्याकडे चादर टाकली की मधेच अडकायची. तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर साडी, आणि तुंबलेली नळी मोकळी करायला मी शेळ्यांना पाला पाडायची आकडी आणली. मुलीचं सासर तलवाड्याचं, घरी शेती आणि शेळ्या-मेंढ्या. आकडी तिथूनच मागवली. विहीणबाईंनी फोनवर विचारलं, "पाव्हणं, तुमच्यात झाडं कुठं हायती?" मी म्हणालो, घरातच लावायची आहे. बायको त्याला धुण्याचा बोगदा म्हणायची आणि माझं लक्ष नसताना कपडे जिन्यानंच खाली न्यायची.

एवढ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. थंडीचे दिवस होते. दवाखान्यातून ती आणि तिची तान्ही लेक घरी आल्या तेव्हा बायकोनं खालची खोली झाडून-पुसून ठेवली होती. लहान आणि जरा अंधारी, पण स्वयंपाकघराला लागून. बाळंतिणीची खोली अशीच असते. मी मात्र हटून बसलो. वरची खोली हवेशीर आहे, उन्हाची आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्या दारासमोर माझं झाकण आहे. तान्ह्या लेकराचे लंगोट, दुपटी, दिवसभराचं केवढं धुणं. आता कळेल सगळ्यांना नळी कशासाठी केली ते! हे शेवटचं मी मनात म्हणालो, पण बायकोला ऐकू आलं असणार. मुलगी म्हणाली, "जाऊ दे आई, अप्पांची हौस हाय." आणि माझ्या हौसेपायी ती आणि तिची लेक वरच्या मजल्यावर राहायला गेल्या.

खरं सांगतो, ते आठवडे माझ्या आयुष्यातले सुखाचे होते. लंगोट ओला झाला की टाकला नळीत. चादरीसारखा अडकायचा नाही. मी खाली टोपल्याजवळ उभा राहून पडणारा लंगोट झेलायचो आणि वर ओरडून सांगायचो, "आला!" एकच अडचण होती. झाकण मिटताना खाडकन वाजायचं आणि लेकरू दचकून उठायचं. मुलीची झोप तशीच अर्धवट. मग मी साडीच्या काठाची चिंधी घेतली, झाकण उघडं करून भिंतीतल्या खिळ्याला बांधलं, चांगल्या दोन गाठी मारून. मुलगी म्हणाली, "बरं केलं, अप्पा." मला आणखी काय हवं होतं.

आणि बाळंतिणीच्या खोलीत होती शेगडी. निखाऱ्यांची. डॉक्टरीणबाईंनी धूर करू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे बायकोनं ओवा-शेपाची धुरी बंद केली, पण ऊब हवी म्हणून शेगडी ठेवली. शेगडीवर बांबूचं डालं पालथं घालायचं आणि त्यावर लेकराचे कपडे शेकत ठेवायचे. गेवराईच्या थंडीत लंगोट दुसऱ्या कशानं वाळणार? आमच्याकडे घरोघर असंच करतात. गॅसच्या शेगडीवर तासभर बोलणारा मी, ती निखाऱ्यांची शेगडी रोज ओलांडून लेकराला बघायला जात होतो.

मग एका दुपारी आमच्या भागातले एक पुढारी लेकराला बघायला आले. म्हणजे आले होते आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे, पण मी रस्त्यात गाठून आणलं. ते नवा बंगला बांधत होते. त्यांच्या बंगल्यात नळी झाली की तालुक्यातल्या प्रत्येक बंगल्यात होणार, हे मला लख्ख दिसत होतं. पांढरेशुभ्र कपडे, मागं पाच-सहा कार्यकर्ते. लेकराला बघून झालं, हातावर नोट ठेवून झाली, आणि मी सगळ्यांना खाली मागच्या धुण्याच्या खोलीत नेलं. पाइपाच्या तोंडाशी उभं केलं. वर तोंड करून ओरडलो, "टाक गं एक!"

"काय टाकू? आत्ता काय न्हाई टाकायला," वरून मुलीचा आवाज आला.

"काहीपण टाक! पाव्हणे थांबलेत!"

थोडा वेळ गेला. मी पुन्हा ओरडलो, "लवकर!" आणि एक लंगोट सर्रकन येऊन ढिगावर पडला. पुढारी म्हणाले, "वा!" कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर मोबाइलवर शूटिंग केलं. मी सगळ्यांना चहाला बैठकीत नेलं. तो लंगोट डाल्यावरून उचललेला होता, शेकत ठेवलेला. मी घाई केली म्हणून तिनं हाताला आला तो झटकन उचलला. डाल्याच्या फटीतून लोंबलेली त्याची कड निखाऱ्याला लागून धुमसत होती, हे तिला दिसलं नाही. खाली आम्हालाही नाही. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

बैठकीत मी पुढाऱ्यांना समजावत होतो की तुमच्या बंगल्याला एक नळी पुरायची नाही. तेवढ्यात वास आला. सगळं आयुष्य वास ओळखण्यात गेलं माझं. मी आत बघून बायकोला म्हणालो, "दूध उतू गेलं वाटतं."

"दूध तुमच्या म्होरल्या कपात हाय," ती म्हणाली.

आणि वरून मुलीची किंकाळी आली. "आई!"

आईला हाक मारली तिनं. मला नाही. अशा वेळी माणूस ज्याचा उपयोग आहे त्यालाच हाक मारतं.

बायको मागच्या खोलीकडे धावली. मी धावलो काचेच्या कपाटाकडे. हीच ती वेळ, ज्यासाठी ते लाल नळकांडं जपलं होतं. कुलूप. किल्ली कुठे? किल्ली कालच्या सदऱ्याच्या खिशात. सदरा? सदरा सकाळी मीच मोठ्या ऐटीत नळीत टाकला होता आणि आता तो टोपल्यात किल्लीसकट जळत होता. मी कपाटाची मूठ धरून हिसडे देत उभा. पुढारी ओरडले, "पाणी आण बे कुणीतरी!" एका कार्यकर्त्यानं टेबलावरची पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली.

मग मी जिन्याकडे पळालो. वर पोचलो तर उघड्या झाकणातून काळा धूर भसाभसा बाहेर पडत होता. खालच्या आगीला नळीचं आयतं धुराडं मिळालं होतं. पाइपही आतून वितळायला लागला होता, त्या वासानं घशात कुणी तिखट कोंबल्यासारखं झालं. झाकण मिटायला हात घातला तर मिटेना. चिंधी. माझ्या दोन गाठी. आयुष्यात इतकी पक्की गाठ मला कधी बसली नव्हती. नखं तुटली पण ती सुटली नाही. शेवटी तसाच चाचपडत खोलीत शिरलो.

मुलगी मागच्या गॅलरीत होती. लेकराला पदरात घट्ट गुंडाळलेलं. कठड्याला टेकून ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "रडत न्हाई ही. अप्पा, ही रडत कावून न्हाई?"

मी पदर बाजूला केला. एवढंसं तोंड. डोळे मिटलेले. इतक्या गावांत इतक्या बायकांना मी काय काय सांगितलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. मी लेकराच्या तळपायाला चिमटा काढला. तिनं तोंड वाकडं केलं, खोकली, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. मुलगीही रडायला लागली, आणि मीही.

खाली आग विझली होती. बायकोनं धुण्यासाठी भिजत घातलेली गोधडी उचलून ढिगावर टाकली होती आणि दुसरी ओली चादर पाइपाच्या तोंडात कोंबली होती. माझं भाषण तिनं आयुष्यभर ऐकलेलं. धूर ओसरल्यावर आम्ही तोंडाला फडकं लावून लेकराला खाली आणलं आणि थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लेकराला रात्रभर ठेवून घेतलं, नाकाशी नळी लावली, छाती परत परत ऐकली. सकाळी म्हणाले, काही झालेलं नाही. आई मात्र फार घाबरली आहे, तिला झोपू द्या.

ती झोपायलाच तयार नव्हती. "मीच टाकला, अप्पा," ती म्हणायची. "बघायला पायजे होतं मी. मीच टाकला." मी "अगं नाही, नाही" म्हणत राहिलो. तेवढ्यात तलवाड्याहून विहीणबाई आल्या. त्यांच्यासमोरही तिचं तेच. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मी ओरडलो म्हणून तिनं टाकला. झाकण मीच बांधलं होतं. वरच्या खोलीत मीच ठेवलं." दवाखान्याच्या त्या बाकड्यावर हे बोलताना माझी मान वर होत नव्हती.

"ते मागून बघू, पाव्हणं," विहीणबाई म्हणाल्या. "मायलेकी आता माझ्याकडं येतेन." सव्वा महिना पुरा व्हायच्या आत बाळंतीण माहेरातून निघाली. बायकोनं अर्धे डिंकाचे लाडू डब्यात भरले, अर्धे तसेच राहिले.

गावात माझी शोभा झाली, ती मी अंगावर घेतली. कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये लंगोट पडतानाच्या टाळ्या होत्या आणि त्याच शूटिंगच्या पुढे काळा धूर. गल्लीतली पोरं मला बघून "टाक गं एक!" म्हणायची. पुढाऱ्यांच्या बंगल्यात नळी झाली नाही. हे सगळं मी हसून सांगतो. पण विहीणबाईंचा फोन आला त्यावर मला हसता येत नाही. त्या म्हणाल्या, "सूनबाई झोपत न्हाई. रातभर लेकराच्या नाकाशी हात लावून बसती. दिवसा बी कुणाला घेऊ देत न्हाई. दूध कमी व्हायलंय."

मी गवंड्याला बोलावलं. पाइप काढला, दोन्ही तोंडं विटांनी बुजवली, मी स्वतः त्याच्या हाताखाली माल कालवला. मुलीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ती म्हणाली, "ठोकून दाखवा." मी ठोकलं. "वरचं बी दाखवा." मी जिना चढून वर गेलो, वरचंही ठोकलं. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, आता तिला झोप लागेल. विटांनी काय होणार होतं, भीती काय त्या नळीत बसली होती?

मग मी स्वतःच तलवाड्याला गेलो. वाटेत मोटारसायकलवर सगळं बोलणं जुळवलं. तुझी काही चूक नाही, चूक माझी, कशी ते मुद्द्यांनिशी. जुनी सवय. घरात गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर लेकरू. डोळ्यांखाली काळं. पोरगी ओळखू येत नव्हती.

मी बोललो सगळं. शेवटी ती म्हणाली, "तुमी हाक मारली ते मला म्हाईत हाय, अप्पा. गाठ बी तुमीच मारली. पण हात माझा व्हता. आई हाय ना मी हिची."

मी म्हणालो, "मग मी काय करू?"

"काय न्हाई. बसा."

मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. बाहेर शेळ्या आल्या होत्या, त्यांची गडबड चालू होती. मी नळीबद्दल बोललो नाही, आगीबद्दल नाही. मला वाटतं जन्मात पहिल्यांदा मी कुणापाशी एवढा वेळ गप्प बसलो. लेकरू मधेच कुरकुरलं, तिनं त्याला थोपटलं, आणि तशीच माझ्याकडे बघत राहिली.

"अप्पा," ती म्हणाली, "धरा जरा हिला. जागे हायसा ना?"

"हाय," मी म्हणालो.

तिनं लेकरू माझ्या हातात दिलं, दुपटं नीट केलं, एकदा नाकाशी बोट धरून बघितलं, आणि चटईवर माझ्या मांडीला डोकं लावून आडवी झाली. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. थोड्या वेळानं तिचं तोंड उघडं पडलं आणि ती घोरायला लागली, चांगली मोठ्यानं. विहीणबाई चहा घेऊन आल्या, दारातच थांबल्या, तिच्याकडे बघितलं आणि कप तसाच परत नेला. एक करडू ओरडत उंबऱ्याशी आलं होतं. त्यांनी त्याचं तोंड हातानं धरलं, त्याला उचललं आणि पार पलीकडच्या शेळ्यांच्या वाड्याच्या कुडाशी नेऊन बांधलं.